मानेत अडलेला कापूस

सूड धरू नये, हे थोरलीने आयुष्यभर ऐकलं होतं, आणि ऐकताना डोळे भरून मानही डोलावली होती. पण माणसाचा अपमान त्याच्या कामाच्या खुर्चीतच झाला, की ऐकलेलं सगळं कानातच राहतं, खाली काळजापर्यंत उतरत नाही.

दुकान होतं स्वतः बनवायच्या खेळण्यांचं. मुलाने यायचं, भिंतीवर टांगलेल्या रिकाम्या खोळींतून अस्वल नाहीतर ससा निवडायचा, पिंपातला कापूस मुठीमुठीने आत कोंबायचा, मनातली इच्छा चिठ्ठीवर लिहून त्याच्या पोटात ठेवायची आणि खिडकीजवळ बसलेल्या थोरलीकडे न्यायचं. ती पाठीला सहा टाके घालून द्यायची. खोळी बेतायची तीच, कापायची तीच. नवऱ्याबरोबर तिने हे दुकान काढलं. तो गेल्यावर कागदोपत्री सगळं धाकट्या दिराकडे आलं. दीर बोलायला गोड. आता त्याला एका दुकानाची दहा दुकानं करायची होती.

त्यासाठी गुंतवणूकवाल्या बाई येणार होत्या. त्यांना पाठवायचं टिपण दीर मोठ्याने वाचून बघत होता. "खेळण्यांचे सर्व साचे माझ्या स्वतःच्या हातून उतरले आहेत..."

थोरलीची सुई थांबली. "भावोजी, कोणाच्या हातून?"

"अहो वहिनी, कागदावर असंच लिहावं लागतं. त्यांना एकच माणूस दिसावा लागतो. आणि आता खोळी कारखान्यातून येणार. तुम्ही किती दिवस डोळे फोडणार? वय झालं. घरी बसा, देवाचं नाव घ्या."

देवाचं नाव ती घेतच होती. त्यासाठी खुर्ची सोडावी लागते, हे तिला नवीन होतं.

त्याच दुपारी त्याने खिळ्यावरचे, कापड बेतायचे पुठ्ठ्याचे साचे उतरवून कारखान्यासाठी पिशवीत भरले. आता त्या साच्यांत एक गोम होती. शिवणीसाठी कडेला बोटभर कापड जास्तीचं सोडतात, ते त्यांत धरलेलंच नव्हतं. थोरलीने पहिले पुठ्ठे नेमक्या मापाचे कापले आणि पुढे ते कधी बदलले नाहीत. गरजच पडली नाही. कापताना ती डावी करंगळी पुठ्ठ्याच्या कडेला लावायची आणि खडू करंगळीच्या बाहेरून फिरवायची. अकरा वर्षं, दिराच्या डोळ्यांदेखत. तो हसायचा, "वहिनी पुठ्ठ्यांना कुरवाळतात."

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून फोन आला तेव्हाही ती तिथेच होती. पलीकडचा माणूस ओरडून बोलत होता. "शिवणीची जागा धरलीय ना हो यात?"

"सगळं धरलंय," दीर म्हणाला. "आमच्याकडे कच्चं काम नसतं."

शब्द थोरलीच्या ओठांपर्यंत आला. दीर फोनवर चांगला दहा मिनिटं बोलत होता, म्हणजे देवाने तिला वेळ दिला नाही असंही नाही. तिने तो शब्द गिळला. नंतर तीन आठवडे रोज गिळला. सकाळी हात जोडून सुबुद्धी दे म्हणायची, आणि दुकानात आल्यावर ती मिळाली नाही याचं तिला बरं वाटायचं.

बाई रविवारी सकाळी आल्या. दिराने ओळखीपाळखीची सोळा मुलं बोलावून ठेवली होती. नव्या सहाशे खोळी भिंतीवर आणि खोक्यांत छान दिसत होत्या. रिकाम्या खोळीचं तिच्या चपटेपणी काहीच कळत नाही.

मुलांनी कापूस भरायला घेतला. पोटं जेमतेम फुगली, पण पाय काड्यांसारखे आणि मान चिमटीएवढी. कापूस काही केल्या डोक्यात शिरेना. एकाने पेन्सिलीने ढकलून पाहिला.

"माझ्या अस्वलाने मान टाकली," एक मुलगी म्हणाली.

"माझ्याला तर डोकंच नाही," तिच्या शेजारचा म्हणाला. "नुसतीच टोपी आहे."

मग एक रडायला लागलं, आणि एक रडलं की बाकीच्यांना कारण लागत नाही.

बाईंनी एक खोळ उलटी करून आतली शिवण पाहिली. चहूकडून बोटभर कापड शिवणीतच गेलं होतं. "हे साचे कोणाचे?"

दिराने थोरलीकडे पाहिलं. "तसे... वहिनींचेच आहेत."

"पण तुम्ही तर लिहून दिलंय, तुमचे म्हणून."

थोरली खुर्चीतून उठली. "मी आपली टाके घालणारी, बाई. भावोजींनी लिहून दिलंय ना? मग ते खरंच असणार." आवाज अगदी मऊ, लोण्यासारखा. आत मात्र तिला इतका गोडवा जाणवला, की तिची तीच दचकली.

बाईंनी वही मिटली. "दहा दुकानांचं राहू द्या. हे एक सांभाळा."

त्या गेल्यावर थोरलीने टेबलाखालचं खोकं ओढलं आणि त्यातून जुन्या मापाच्या, हाताने शिवलेल्या खोळी काढून मुलांना वाटल्या. मुलांशी तिचं वैर नव्हतं. दीर बघत उभा होता. सोळा मुलं, सोळा खोळी. एक जास्त नाही, एक कमी नाही.

"वहिनी, तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"घरचं नुकसान केलंत तुम्ही."

"मला तर तुम्ही घरी बसवत होतात. आता बाईंना फोन लावा."

"आता त्या काय देणार?"

"काही देऊ नयेत. साचे कोणी काढले, तेवढं सांगा. माझ्यासमोर. नाहीतर उद्यापासून मी येत नाही. सहाशे खोळी आहेतच, चालवा दुकान."

त्याने फोन लावला. मुलं कापूस उडवत होती, त्यामुळे त्याला भिंतीकडे तोंड करून बोलावं लागलं. "साचे वहिनींचे आहेत. पहिल्यापासून. मी खोटं लिहिलं होतं."

क्षमा करणाऱ्याला पुण्य मिळतं, हे थोरली जाणून होती. पुण्य उद्याही मिळालं असतं. दीर फोन ठेवायला लागला तसा तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"मुलांच्या गलक्यात त्यांना नीट ऐकू आलं नसेल," ती म्हणाली. "पुन्हा सांगा."

त्याने पुन्हा सांगितलं.