नेमेसिओचे तळवे

शर्यतीच्या दिवशी मी कोणावर विश्वास ठेवत नाही. इतर दिवशीही फारसा ठेवत नाही, पण त्या दिवशी अंगात पंचाचं नारिंगी जॅकेट असतं, म्हणून लोक ऐकून घेतात. आमच्या बेटावर दर नोव्हेंबरात ही लांबलचक शर्यत होते. आधी समुद्रात जवळजवळ चार किलोमीटर पोहायचं, मग सायकलवरून बेटाला तीन वेढे घालायचे आणि शेवटी चौदा-चौदा किलोमीटरच्या तीन फेऱ्या पळायच्या. मी अकरा वर्षं दक्षिणेच्या वळणावर उभा राहतोय. प्रत्येक फेरीला पळणाऱ्याच्या मनगटावर एक रिबन बांधतो. पहिली पिवळी, दुसरी लाल, तिसरी निळी. तिन्ही असल्याशिवाय शेवटची रेघ ओलांडता येत नाही. आजवर मी सोळा लबाड पकडलेत. एक पठ्ठ्या तर टॅक्सीतून उतरला आणि सरळ माझ्यापुढे हात करून उभा राहिला. गावात मला 'कस्टम' म्हणतात. उर्बानो हे नाव आता फक्त मतदार यादीत उरलंय.

यंदा माझा डोळा सहाशे चौदा नंबरवर होता. म्हणजे नेमेसिओ पेच याच्यावर, माझ्या धाकट्या बहिणीच्या, फिदेलियाच्या नवऱ्यावर.

नेमेसिओ पूर्वी शेवंड पकडायला बुडी मारायचा. बोटीवरच्या पंपाची हवा नळीतून तोंडात घ्यायची आणि तळाशी जायचं. एकोणीस वर्षांपूर्वी ती हवा एकाएकी बंद पडली. तो तीस मीटरवरून एका दमात वर आला आणि त्याच्या रक्तात बुडबुडे धरले. अशी माणसं आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत. दोन वर्षं तो खाटेवर होता, मग काठीवर, मग लंगडत. घोट्याखाली त्याला अजूनही काही कळत नाही. पाय विस्तवावर पडला तर वास आल्यावर समजेल.

त्या दिवशी पंपावर मी होतो. इंजिनात खारं पाणी गेलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. त्यावर नेमेसिओने कधी चकार शब्द काढला नाही, आणि तेच मला खुपायचं.

असा माणूस सव्वादोनशे किलोमीटर कापायला निघाला! ऑगस्टमध्ये मी विचारलं, "कशाला रे ही थेरं?"

"हौस," तो म्हणाला, माझ्या डोळ्यांत बघत.

डोळ्यांत बघून कोणी हौस म्हणतं का? गावभर लंगडे पाय मिरवायचे, मग लोक विचारणार, हे पाय असे कशाने झाले? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. शिवाय सरावाच्या वेळी तो माझ्या वळणाजवळच्या बर्फाच्या बंद कारखान्यामागे जाऊन पाच-पाच मिनिटं गायब व्हायचा. फिदेलियाला विचारलं की ती तव्यावरच्या टॉर्टिया उलटायला वळायची. कुठेतरी पाणी मुरत होतं.

शर्यतीच्या दिवशी तो पोहून वेळेत बाहेर आला, सायकलही वेळेत संपवली. माझा संशय दुप्पट झाला. संध्याकाळी पाचला तो पहिल्या फेरीत दूरवर दिसला. पाय टाकत नव्हता, आपटत होता. त्याच्या आधी फिदेलिया शालीखाली पिशवी लपवून कारखान्यामागे गेलेली मी पाहिली होती. नेमेसिओ कारखान्यापाशी आला, इकडेतिकडे बघितलं आणि आत वळला.

याला एक धाकटा भाऊ आहे. तोंडावळा तोच आणि पाय ठणठणीत. म्हणजे आता तोच शर्ट घालून भाऊ बाहेर येणार. दुसरं काय असणार? मी रिबनींचा गुच्छ पाणी वाटणाऱ्या एल्वाबाईच्या हातात दिला.

"अहो कस्टम, मेव्हण्याचीही झडती?"

"त्याचीच आधी," मी म्हणालो आणि धावलो.

कारखान्यामागे भाऊबिऊ कोणी नव्हता. नेमेसिओ पालथ्या क्रेटवर बसला होता आणि फिदेलियाचा हात त्याच्या बुटाच्या नाडीकडे जात होता. पिशवीतून कापूस, पट्ट्या, चिमटा आणि व्हॅसलिनची डबी डोकावत होती.

"हात लावू नकोस!" मी ओरडलो. "बाहेरच्यांची मदत घेतली की बाद!"

"दादा, चुलीत गेले तुझे नियम! त्याच्या बुटात खिळा शिरला तरी त्याला कळायचं नाही. कोणीतरी बघायला नको?"

"त्याला बघू दे की."

"तळवा दिसेल इतकी कंबर वाकते का त्याची? सरावाला रोज मीच बघते."

मी वही काढली. एकदा नंबर लिहिला की खेळ खलास. नेमेसिओ माझ्या पेन्सिलीकडे बघत होता.

"लिही," तो म्हणाला. "वही तुझी आहे. पण ऐक, मेव्हण्या. एकोणीस वर्षं मला कोणीतरी उचलून नेतंय, नाहीतर धरून नेतंय. मला एकदा, फक्त एकदाच, माझ्या पायांनी कुठेतरी पोचायचंय."

यात मला टोमणा कुठे आहे, ते मी शोधलं. सापडला नाही.

फिदेलियाने पिशवी माझ्या अंगावर टाकली. "जॅकेटवाल्यांची मदत चालते ना? मग तू बघ!"

तिचा हात अजून बुटाला लागला नव्हता, म्हणजे नियम मोडला नव्हता. आता नंबर लिहायला निमित्तच उरलं नाही. मी गुडघे टेकले.

डावा पाय ठीक होता. उजव्याचा मोजा लाल झाला होता. टाचेत शिंपल्याचा तुकडा रुतला होता. सकाळी पाण्याबाहेर येतानाच शिरला असणार. तो घेऊन या माणसाने बेटाला तीन वेढे घातले होते. नेमेसिओ मात्र आभाळाकडे बघत बसला होता.

"कसे आहेत?" त्याने विचारलं.

मी जे म्हणेन तेच त्याच्यासाठी खरं होतं. 'गेले' म्हटलं असतं तर तो थांबला असता आणि मीही सुटलो असतो. तळाशी असताना तो असाच माझ्या भरवशावर होता.

"उजव्या टाचेत शिंपला आहे," मी म्हणालो. "बोटाच्या पेराएवढी चीर आहे. हाडापर्यंत नाही."

"मग काढ."

मी चिमटा घातला, तुकडा ओढला, जखम धुतली, पट्टी आवळली. इतकं होऊनही त्याचा पाय हलला नाही. मी चिमटा खाली ठेवला.

"नेमेसिओ, इंजिनात पाणी गेलं नव्हतं. मला झोप लागली होती. पेट्रोल संपलेलं कळलंच नाही."

फिदेलिया माझ्याकडे बघतच राहिली.

"माहितीये," नेमेसिओ म्हणाला. "पाण्याबाहेर डोकं काढलं तेव्हा तू घोरत होतास."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो. आता थांबायला वेळ नाही. बूट चढव आणि रिबन दे."

मी नाडी बांधली, वळणावरच्या टेबलापाशी येऊन त्याला पिवळी रिबन बांधली. फिदेलिया माझ्याशी एक शब्दही न बोलता निघून गेली. ती कधी बोलेल, ठाऊक नाही. साडेसातच्या सुमारास नेमेसिओ लाल रिबन घ्यायला आला. टेबलावर कोपर टेकून त्याने न सांगता पाय मागे केला. मी बूट उतरवून बघितलं, पट्टी टिकली होती. तसं मी त्याला सांगितलं आणि तो गेला.

आठला माझी पाळी संपली, बदलीचा माणूस आला.

"जा आता घरी," एल्वाबाई म्हणाली. "पहाटेपासून उभे आहात. डोळे मिटताहेत तुमचे."

मी खुर्ची रस्त्याकडे वळवली आणि निळी रिबन मुठीत घेऊन बसलो. तो येईपर्यंत मी डोळ्याला डोळा लागू दिला नाही.