नवव्या वॉर्डाची सही

"तुझी यंत्रं असतील एकसारखी, तुइरे. माझ्या बायका काही एकसारख्या बाळंत होत नाहीत," असं म्हणून हिल्का कॉफी ओतू लागली.

हिल्का प्रसूतीच्या वॉर्डाची मुख्य नर्स. इस्पितळात नऊ वॉर्ड आणि पूर्वी नऊ तऱ्हेचे कॉम्प्युटर. चाकांच्या गाडीवरून खाटेखाटेशी फिरायचे. एकाची बॅटरी दुसऱ्याला बसत नसे. दृष्ट लागेल म्हणून तान्हं झाकावं, तसं प्रत्येक वॉर्ड आपला चार्जर कुलपात जपे. तीन वर्षं झगडून, इस्पितळाची यंत्रं सांभाळणाऱ्या तुइरेनं आठ वॉर्डांत एकाच जातीच्या गाड्या आणल्या होत्या. हिल्काची नववी सही आज चारपर्यंत मिळाली नाही, तर संचालक सगळ्या परत पाठवणार होते.

"सही कर ना गं."

"आधी हा गोड पाव, पुल्ला, खा. वेलची ताजी आहे."

तेवढ्यात आतली घंटा वाजली. बाळ सुखरूप आलं होतं, पण आईचं रक्त थांबेना. हिल्कानं धावत गाडी ओढली, तर स्क्रीन काळीठिक्कर. छापील चिठ्ठीवाचून रक्तपेढी पिशवी सोडत नसे.

"चार्जर?"

"कुलपात," एक नर्स पुटपुटली. "किल्ली सिर्पा नर्सच्या खिशात. आणि सिर्पा आज सुट्टी घेऊन गेली तळ्यावर."

तुइरे तडक बाहेर धावली. शेजारच्या बालवॉर्डातली गाडी ढकलत घेऊन आली. हिल्कानं आपलं कार्ड लावलं, आणि तिची बोटं थबकली.

"चिठ्ठी कुठून निघते?"

"उजवीकडून. सगळ्यांचीच."

चिठ्ठी निघाली, पिशव्या आल्या, थेंब थेंब जीव आईत उतरू लागला. मध्येच गाडीचा दिवा लाल झाला. तुइरेनं डोळ्यांच्या वॉर्डातली बॅटरी काढून आणली अन् हिच्यात सरकवली. ती अशी बसली, जणू इथलीच.

साडेतीनला आईच्या गालांवर पहाट फुटली. बाळ तिच्या कुशीत चुटुचुटु दूध पिऊ लागलं.

हिल्कानं हात धुतले, कागद ओढला, सही ठोकली. "फार फुगू नकोस. हा राखाडी रंग कुठून शोधलास? मेला उंदरासारखा."

"आठही वॉर्डांना सारखाच नावडला. म्हणून तोच घेतला."

हिल्का खदखदून हसली. डोळे मात्र पुसत होती.

चारला दहा कमी असताना संचालकांच्या टेबलावर नऊ सह्या ओळीनं मांडल्या गेल्या. मग तुइरे स्वतः नववी गाडी ढकलत निघाली. लांबलचक बोळातून चाकं गुणगुणत होती, आणि प्रसूतीच्या वॉर्डाचं दार हिल्कानं दोन्ही हातांनी सताड उघडून धरलं होतं.