तपासणीपुरती व्हीलचेअर

मित्रांनो, मी गोदा-मांजरा विद्यापीठाची एक जुनी व्हीलचेअर आहे. जुनी म्हणजे फक्त वयानं. झिजले म्हणाल, तर आठ वर्षं माझ्यावर कुणी टेकलंसुद्धा नव्हतं!

विद्यापीठाचे परिसर तीन: नांदेड, लातूर आणि कंधार. व्हीलचेअर मात्र मी एकटीच. जिथं तपासणी समिती येणार, तिथं मला टेम्पोत घालून नेत. सोबत शिपाई भुजंगमामा. ते मला ओल्या फडक्यानं लख्ख पुसत. सीटवरचं प्लास्टिक तेवढं साहेब काढू देत नसत, मळेल ना! नव्या इमारतीच्या दारात माझा फोटो निघे, कागदावर 'सुविधा उपलब्ध' असं लिहिलं जाई आणि समितीची गाडी फाटकाबाहेर पडली, की माझी रवानगी स्टोअररूममध्ये. सुरुवातीला मला त्या फोटोंचा भारी तोरा होता. पुढं पुढं लाज वाटू लागली.

गेल्या उन्हाळ्यात लातूरला तपासणी होती आणि त्याच दिवशी परीक्षाही. समिती येणार म्हणून रिक्षा फाटकावरच अडवलेल्या. बी.एस्सी.ची सदफ कुबड्यांवर चालते. तिचा पेपर पार शेवटच्या इमारतीत. निम्म्या वाटेवर, नव्या इमारतीच्या दारात माझ्यासमोर येऊन ती थांबली. तिनं ओढणीनं घाम पुसला.

"मामा, किती वाजले?"

"पेपर सुरू होऊन वीस मिनिटं झाली की, बाई."

अर्ध्या तासानंतर कुणाला आत घेत नसत. सदफच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा जीव नुसता तुटत होता, पण मला कुठं बोलता येतंय!

भुजंगमामांनी एकदम माझं प्लास्टिक टराटरा फाडलं. "बस!"

"मामा, ही तर दाखवायची हाय ना? साहेब रागावतील."

"रागावू दे. माझं मी बघतो. बस म्हनलं की!"

आणि आम्ही सुटलो! गंजलेली चाकं कुईकुई करत होती, पण काय सांगू, एवढं सुख मला जन्मात मिळालं नव्हतं. सदफ परीक्षेच्या खोलीत शिरली, तेव्हा अर्धा तास व्हायला दोन मिनिटं उरली होती. मला तिच्यापाशी ठेवून मामा पळत मागं गेले.

तिकडं समिती दारात येऊन उभी. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालेलं. "भुजंग, व्हीलचेअर कुठंय?"

मामा धापा टाकत म्हणाले, "साहेब, वापरात हाय."

आता रोजच्या वापरानं माझी सीट विटलीय, एक हात खिळखिळा झालाय. होऊ दे. मित्रांनो, नुसतं पुसून कुलपात ठेवलं, की आमची काळजी घेतली असं होत नाही हो. तुमच्या शाळेतही एखाद्या बंद खोलीत माझी बहीण असेल. तिची चावी कुणाकडं आहे, तेवढं उद्या विचारा.