नणंदेची गाडी

धाकट्या नणंदेसाठी, ललितासाठी, जुनी डिझेल गाडी बघायला नवरा, मनोज, निघाला, तेव्हा मोहिनी हट्टाने सोबत गेली आणि तिथं उभी राहून जळत राहिली. मनोजने आधी बॉनेटवर हात ठेवला. मालकाने इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं नाही, याची खात्री झाल्यावरच चावी फिरवली. धूर निरखला. मग नव्या शर्टानिशी गाडीखाली आडवा होऊन तेल गळतंय का तेही बघितलं.

"आपली गाडी तर तुम्ही फोनवरच पक्की केलीत!"

"ललिताला रोज एकटीने हरसूलचा घाट चढायचाय. तुझ्यासोबत मी असतोच की."

"सातपूरला भर उन्हात मी गाडी ढकलत होते," मोहिनी म्हणाली, "तेव्हा तुम्ही ललिताची स्कूटी धूत होतात."