ऐन एप्रिलात डिंकाचे लाडू

"डिंक फुलला की लगेच काढ गं. स्वल्प करपला तरी लाडू कडू होतो," आई स्टुलावर बसल्या बसल्या म्हणाली.

मी कढईसमोर घामाघूम झाले होते. पंखा लावला की गॅस फडफडतो, म्हणून तोही बंद. तपासायचे पेपर टेबलावर तसेच पडले होते.

"एवढ्या उकाड्यात हे खाणार कोण?"

"यशश्री."

यशश्री आमच्या वरच्या मजल्यावरची भाडेकरू. नागपूरची, आयटीतली, एकटी राहणारी.

"तिला काय झालंय?"

"काल तिच्याबरोबर दवाखान्यात गेले होते. सही तिची तिलाच करता येते म्हणे. पण परत येताना ऑटोत कोणीतरी शेजारी हवंच ना." आईनं खारकेची पूड परातीत ओतली. "बाळंत होऊ दे नाहीतर पिशवी साफ होऊ दे, कंबर तीच असते. उद्या डबा वर देऊन ये. काही विचारू नकोस."

मलाही आईनं कधी काही विचारलं नव्हतं. तेव्हा मी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. मला दवाखान्यात नेलं, आणलं, बाबांना आणि आत्याला कावीळ झाल्याचं सांगितलं, आणि तुपात डिंक तळायला घेतला. कावीळ झालेल्या पोरीला तूप चारतेस म्हणून आत्यानं तिला फोनवर चांगलंच फैलावर घेतलं. "हो का? लक्षातच आलं नाही बाई," एवढंच आई म्हणाली. वेंधळी ठरली. लाडू मात्र रोज सकाळी माझ्या उशाशी येत राहिले.

आता मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. गर्भपात हा शब्द फळ्यावर लिहिते, त्याच्याखाली कलंक, जात, वर्ग. मुली उतरवून घेतात. घरात आम्ही दोघींनी तो शब्द एकदाही उच्चारला नाही.

त्या संध्याकाळी आईनं लाडू वळले. बोटं दुखायला लागली की थांबायची, पुन्हा वळायची. "जायफळ कमी पडलं," असं म्हणून तिनं डब्याचं झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी दुधाची पिशवी दाराला तशीच लटकत राहिली. आई झोपेतच गेली होती.

डबा फडताळात राहिला. मला त्याला हात लाववेना.

तेराव्याला जयनगरहून आत्या पहाटेच आली आणि तिनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. यशश्री मदतीला खाली आली होती. कोपऱ्यात बसून काकडी चिरत होती. गूळ शोधता शोधता आत्यानं तो डबा उघडला.

"वेदे, हे काय गं? डिंकाचे? ऐन एप्रिलात? कुणाचं बाळंतपण काढत होती वहिनी?"

यशश्रीची सुरी थांबली. आत्याच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"काय गं, तुला ठाऊक दिसतंय. चेहरा का असा उतरला तुझा?"

"नाही काकू, मला कुठे काय..."

"एकट्या राहता, वर कुणाचं लक्ष नाही. आमची वहिनी भोळी, तिला कुणीही..."

"माझे आहेत ते," मी म्हणाले.

"तुझे?" आत्या हसली. "तुला गं कशाला? लग्नाचा पत्ता नाही अजून!"

बाहेर बाबा गुरुजींशी बोलत होते, ते बोलायचे थांबले. मी आत्याच्या हातातून डबा घेतला. लाडू तसे ओबडधोबडच होते. एकावर आईच्या अंगठ्याची खोलगट खूण राहिली होती.

"आत्या, तेव्हा मला कावीळ झालीच नव्हती," मी म्हणाले. "मी गर्भपात करून घेतला होता. आईनं मला असेच लाडू केले होते."