एका थेंबाचं पेट्रोल

वखारीच्या आवारात त्या सकाळी मुंगीला शिरायला वाट नव्हती. ओंडक्यांच्या ढिगांवर माणसं चढून बसली होती, भुशाच्या पोत्यांवर बायका दाटीवाटीने टेकल्या होत्या, आणि मधोमध पांढऱ्या अंगरख्यातले थेंबमहाराज पेट्रोलचा आरपार दिसणारा कॅन उंच धरून उभे होते.

"ह्यात काय आहे?"

"नुसतं पेट्रोल!" जमाव ओरडला.

"पाच लिटरला तुम्ही तेल किती घालता?"

"शंभर मिली!"

"शंभर!" महाराजांनी करुणेने मान हलवली. "अरे, तेल म्हणजे अहंकार. अहंकार जाळला की काय निघतं?"

"धूर!"

"आणि धूर म्हणजे?"

"पाप!" हे मात्र एकटा शिष्य ओरडला. त्याला उत्तर पाठ होतं.

महाराजांनी कमरेची बाटली काढली, डोळे मिटले आणि कॅनमध्ये मोजून एक थेंब सोडला. पारदर्शक पेट्रोल बघता बघता पोपटी झालं. तेच चेनसॉच्या, म्हणजे झाडं कापायच्या यांत्रिक करवतीच्या टाकीत ओतलं, दोरी ओढली, मशीन गरजली. सायलेन्सरसमोर धरलेला पांढरा रुमाल पाच मिनिटांनंतरही पांढराच राहिला. टाळ्यांचा कडकडाट झाला. बाटल्या घ्यायला झुंबड उडाली.

झुंबडीत सगळ्यात पुढे आपलाच थोरला भाऊ आहे हे बघून मागे उभ्या असलेल्या मिस्त्रीबाईने कपाळाला हात लावला.

कोपऱ्यावरचं मशीन दुरुस्तीचं दुकान तिच्या वडिलांचं, आप्पांचं. आप्पा गेल्यावर ते तिने चालवलं. झाडं तोडणारे सगळे तिच्याकडेच यायचे. दादाही तोडकामावरच होता. तो आणि त्याचा जोडीदार लंबू अशी दोघांची जोडी बारा वर्षांची, एकाने कापायचं आणि दुसऱ्याने पाचर ठोकायची.

"दादा, चेनसॉच्या इंजिनाला तेलाची वेगळी टाकी नसते," घरी आल्यावर ती म्हणाली. "पेट्रोलमधून जाईल तेवढंच तेल पिस्टनला मिळतं. थेंबाने काय होणार?"

"तू पाहिलंस ना डोळ्यांनी?"

"पाहिलं. म्हणून तर झोप उडाली."

"मशीन बिघडल्या नाहीत तर तुझं दुकान बसेल, म्हणून उडाली." दादा हसत म्हणाला, पण शब्द लागायचे तिथे लागले.

पहिले काही दिवस सगळ्यांच्या मशीन झकास चालल्या. कॅनच्या तळाशी जुनं मिश्रण शिल्लक होतं, त्यावर निभावत होतं. मग एकेक जण खांद्यावर मुकी मशीन टाकून दुकानात यायला लागला. मिस्त्रीबाई सिलिंडर उघडायची. आत पिस्टनवर उभे ओरखडे दिसायचे, मांजराने नखं मारावीत तसे. धातूवर धातू घासून इंजिन जाम झालेलं. ती पिस्टन दाखवायची, तर माणसं मान खाली घालायची.

"महाराज म्हणाले, घरात पाप असेल तर मशीन धरते," एकाने हळूच सांगितलं. दुसऱ्याने तर बायकोला माहेरी धाडलं होतं. तिच्या पायगुणाने मशीन बसली म्हणे! चुकलं की पाप तुमचं, चाललं की पुण्य महाराजांचं. चित भी त्यांची, पट भी त्यांचीच.

आणि मग ते झालं.

दादा एका मोठ्या झाडाच्या बुंध्यात निम्म्यापेक्षा जास्त आत कापत गेला होता. मशीनचा आवाज अचानक बारीक झाला, किंचाळल्यासारखा, आणि थांबला. दोरी ओढली तर ती हलेना. पातं कापात अडकलेलं, झाड अर्धवट कापलेलं. लंबू पाचर घेऊन पुढे झाला. त्याच क्षणी वाऱ्याचा झोत आला आणि झाड नको त्या बाजूला फिरलं.

डॉक्टरांनी लंबूचा जीव वाचवला. डावा पाय गुडघ्याखाली वाचला नाही.

इस्पितळातून दादा घरी न येता सरळ महाराजांकडे गेला. परत आला तो वेगळाच माणूस. जेवेना, बोलेना. तिसऱ्या दिवशी मिस्त्रीबाईने खोदून खोदून विचारलं, तेव्हा भिंतीकडे बघत म्हणाला, "आप्पांचा तळतळाट आहे. महाराजांनी नाव न सांगता ओळखलं. म्हणाले, एका मरणाऱ्या माणसाने तुझी वाट बघितली आणि तू गेला नाहीस."

आप्पांशी भांडून दादा घर सोडून गेला होता आणि त्यांच्या शेवटच्या आजारात आला नव्हता. ही गोष्ट साऱ्या गल्लीला ठाऊक होती. चहाच्या टपरीवर अर्धा तास बसणाऱ्यालाही कळली असती.

"आप्पा असे नव्हते रे," ती म्हणाली.

"तुला काय माहीत? तू तर जवळ होतीस."

ती दुकानात गेली आणि दादाची मशीन उघडून बसली. कारण स्वच्छ होतं, ओरखडे साफ दिसत होते. पण एक काटा सलत होता. महाराजांची मशीन का जाम होत नाही? त्याच थेंबावर ती महिनाभर गरजते आहे.

विचार करत तिने टेबलावरचा कागद उचलला. त्यावर मघापर्यंत दोन मशीनचे, इंजिनात पेट्रोल सोडणारे कार्ब्युरेटर सुटे करून ठेवले होते. एक दादाच्या मशीनचा, दुसरा महाराजांच्या वाऱ्यालाही न उभ्या राहणाऱ्या एका म्हाताऱ्याचा. दोन्हींतून पेट्रोल सांडून उडून गेलं होतं. म्हाताऱ्याच्या बाजूला वडे बांधलेल्या कागदासारखा तेलकट डाग होता. दादाच्या बाजूला नुसतं पोपटी कडं. कागद कोरडा ठणठणीत.

मिस्त्रीबाई कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. मग उठून लंबूच्या बायकोकडे गेली.

पुढच्या वेळी महाराज वखारीत आले, कॅन उंच धरला, "नुसतं पेट्रोल!" झालं. थेंब पडणार एवढ्यात लंबूची बायको गर्दीतून पुढे आली. तिला सगळ्यांनी वाट दिली.

"महाराज, तुमच्या हातचं पेट्रोल द्या. वाटीभर. थेंब नको, नुसतंच द्या."

"कशाला, माई?"

"तुमचा हात लागलाय. घरात ठेवीन."

शिष्य पुढे सरसावला, पण चारशे डोळ्यांसमोर पाय गेलेल्या माणसाच्या बायकोला वाटीभर पेट्रोल नाकारणार कोण? महाराजांनी आशीर्वादासकट ओतून दिलं. तिने वाटी नेली ती सरळ मिस्त्रीबाईच्या हातात.

मिस्त्रीबाईने दोन कोरे कागद काढले. एकावर वाटीतलं पेट्रोल शिंपडलं, दुसऱ्यावर दादाच्या कॅनमधलं, थेंब घातलेलं पोपटी. दोन्ही उन्हात धरले. पेट्रोल उडायला कितीसा वेळ लागतो!

"मुकादम, तुम्हीच सांगा. तेल कुठल्यात आहे?"

वखारीच्या मुकादमाने चष्मा सावरला. "ह्यात. आरपार दिसतंय. महाराजांच्या नुसत्या पेट्रोलमध्ये." तो थबकला. "आणि थेंबवाल्यात काहीच नाही."

"तेलाचा रंग कंपनी ओळखीसाठी घालते," मिस्त्रीबाई म्हणाली. "बिनरंगाचं, कमी धुराचं तेलही बाजारात मिळतं. ते ह्यांच्या कॅनमध्ये आधीच पूर्ण मापाने घातलेलं आहे. बाटलीत आहे तो नुसता रंग."

कुजबुज सुरू झाली. महाराज मंद हसले. "कृपेचा अंश आहे तो! श्रद्धेने पेट्रोलचं तेल होतं."

"मग आमच्या कॅनवर चालवा तुमची मशीन," मागून आवाज आला.

तो दादाचा आवाज होता. तो पुढे आला, शिष्याच्या हातून मशीन घेतली, टाकी रिकामी केली आणि आपल्या कॅनमधलं पोपटी पेट्रोल भरलं. महाराज काहीतरी मुहूर्ताचं बोलू लागले, पण दोरी ओढली गेली होती. दादाने आवारातल्या सगळ्यात जाड ओंडक्यात पातं घातलं. पाच मिनिटं गेली. दहा गेली. मग मशीनचा आवाज बारीक होत गेला, किंचाळला आणि थांबला.

दादाने पातं ओंडक्यात तसंच सोडलं. हा आवाज त्याने याआधी एकदा ऐकला होता.

लोकांनी महाराजांना घेरलं, बाटल्या फुटल्या, मुकादमाने पोलिसांना फोन लावला. बायकोला माहेरी धाडणारा तो माणूस गुपचूप निघून गेला, बहुतेक तिला आणायलाच. दादाने ह्यातलं काहीच पाहिलं नाही. तो ओंडक्याशेजारी बसून राहिला. मिस्त्रीबाई जवळ गेली.

"आप्पांचा शाप असता तर बरं होतं गं," तो म्हणाला. "आता तर मीच उरलो. तू सांगितलं होतंस, आणि टाकी मी भरली."

ती नुसती शेजारी बसली.

दुसऱ्या दिवशी तो इस्पितळात गेला आणि लंबूला सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. लंबूने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"पलीकडच्या गावांतही बाटल्या गेल्यात ना?" लंबूने शेवटी विचारलं, तोंड न वळवता.

"गेल्यात."

"मग इथे काय बसलास? त्यांना कोण सांगणार? जा."

दादा उठला. तेव्हापासून तो जिथे जिथे करवतीचा आवाज ऐकू येतो तिथे तिथे जातो. लोकांना मशीन थांबवायला लावतो आणि एकच गोष्ट सांगतो. इंजिनाला पाप कळत नाही आणि पुण्यही कळत नाही, त्याला तेल कळतं. चेनसॉसारख्या टू-स्ट्रोक इंजिनाचंच तेल घ्या, गाडीचं नको. मशीनच्या पुस्तकात लिहिलंय त्या मापाने घाला, कॅन हलवा. कोणी चमत्कार दाखवला तर टाळी वाजवायच्या आधी कागदावर थेंब टाकून बघा. आणि कागद वाळेपर्यंत थांबा. मी थांबलो नाही, म्हणून माझा दोस्त आज एका पायावर आहे.