उघड्या डोक्याचा सलाम

रुफिन कुचेरांच्या उजव्या हाताला अंगठा आणि दोनच बोटं होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट खाणीत गेलं. दक्षिण पोलंडमधल्या श्लाँस्कच्या कोळशाच्या पट्ट्यात यात नवल काहीच नाही. खाणीनं काही ना काही नेलं नाही असं घर तिथं शोधूनच काढावं लागेल. पण रुफिन तो हात खिशात लपवायचे नाहीत, मिरवायचे. पोलंडचा शिपाई दोन बोटं जोडून सलाम करतो, जर्मन आख्ख्या पंजानं. "खाण शहाणी होती," ते म्हणायचे. "जर्मनांना लागायची ती बोटं घेऊन गेली, पोलंडची मला ठेवली!"

हा विनोद त्यांच्या मुलीनं, हिल्डानं, प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक नाताळात ऐकला होता. एखाद्या वेळी ताता सांगायचे विसरलेच तर तीच त्यांना कोपरानं ढोसायची. आपल्या बापाचा तिला भारी अभिमान, आणि तो लपवायची तिला कधी गरज वाटली नाही.

ताता दोन सैन्यांत लढले, आणि दोन्हीकडे हुकूम परक्यांचे. पहिलं सैन्य जर्मनांचं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी श्लाँस्क घेतलं तेव्हा इथल्या माणसांना विचारलं नाही की बाबांनो, तुम्ही कोण? सांगून टाकलं, की आजपासून तुम्ही आमचे. नको म्हणेल त्याचे आईबाप छावणीत. ताता आणि त्यांचे थोरले भाऊ अल्फोन्स, दोघांच्या अंगावर तो गणवेश चढला आणि दोघांना इटलीत नेऊन उभं केलं. दुसरं सैन्य पोलंडचं, इंग्रजांच्या हाताखाली लढणारं. चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात या दोन सैन्यांच्या मधे एक नदी होती, गुडघाभर पाण्याची.

एका सकाळी तातांनी जर्मनांच्या हातावर तुरी दिल्या आणि ती नदी ओलांडली. मध्यावर पोचल्यावर त्यांनी डोक्यावरची जर्मन टोपी काढून पाण्यात फेकली. गोळी लागलीच तर ती टोपी घालून मरायचं नव्हतं त्यांना. पलीकडच्या झुडपातून कुणीतरी पोलिशमध्ये ओरडलं, "हात वर!" ती भाषा ऐकून तातांना इतका आनंद झाला, की हात वर करायचं राहिलं बाजूला, त्यांनी दोन बोटं कपाळाला लावली. लहानपणी गावातून पोलिश घोडदळ जायचं तेव्हा पोरं लावायची तशी.

आता, पोरांचं ठीक आहे. पण पोलंडचा शिपाई उघड्या डोक्यानं सलाम करत नाही. सलाम टोपीवरच्या गरुडाला, पोलंडच्या चिन्हाला असतो. टोपी नाही तर सलाम नाही. झुडपातला पहारेकरी आपण शत्रूवर बंदूक रोखली आहे हेच विसरला. "अरे गाढवा, टोपी कुठाय तुझी?"

"वाहून गेली," ताता म्हणाले.

त्यावर त्या माणसानं पट्ट्यात खोचलेली स्वतःची टोपी काढली आणि तातांच्या डोक्यावर दाबून बसवली. म्हणाला, "आता कर."

इथवर आले की ताता बोलायचे थांबायचे, उठून उभे राहायचे, आणि ती दोन बोटं कपाळाकडे न्यायचे. पन्नास माणसांची पंगत असो, चमचा वाजायचा नाही.

गोष्टीचा दुसरा अर्धा भाग ते लग्नात सांगायचे नाहीत. तो फक्त घरात. त्या सकाळी काठावर अल्फोन्सही होते. दोघांनी मिळून जायचं ठरलं होतं. पाण्याशी आल्यावर अल्फोन्स म्हणाले, "दोघंही नाहीसे झालो तर उद्या आईला उचलतील. तू जा. मी सांगतो, तोफेचा गोळा पडला, रुफिनच्या चिंधड्या झाल्या, मी डोळ्यांनी पाहिलं."

"मग तू जा. मी खोटं सांगतो."

"तुला खोटं बोलता येत नाही. लगेच कान लाल होतात तुझे."

अल्फोन्स मागं फिरले. त्यांचं खोटं इतकं पक्कं ठरलं, की गावाकडं आईबापांच्या केसालाही धक्का लागला नाही. ताता पलीकडे दुसरंच नाव घेऊन लढले, जिंकले, गरुड मिरवला. आणि अल्फोन्स त्याच वर्षी पानगळीत जर्मन गणवेशातच मारले गेले. देहसुद्धा सापडला नाही.

म्हणजे आईकडे मरणाच्या दोन खबरा आल्या. एक खोटी, एक खरी, आणि कुठली कोणती हे तिला कोण सांगणार? सत्तेचाळीसमध्ये ताता फाटकातून आत आले तेव्हा ती अंगणात हंस सोलत बसली होती. तिनं त्या अर्धवट सोललेल्या हंसानंच पोराला बडवलं. "मेल्या! तुझ्या नावानं केलेल्या प्रार्थना आता कुणाला देऊ मी?" मग त्याला पोटाशी धरून ती त्याच्या खांद्यावरून फाटकाकडे बघू लागली.

"दुसरा कुठाय?" तिनं विचारलं.

तातांनी सांगितलं. तिला पटलं नाही. एक खबर खोटी निघाली तर दुसरीही निघेल, हा तिचा हिशेब, आणि तो मोडायची कुणाची हिंमत नव्हती. नाताळच्या आदल्या संध्याकाळी अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक ताट रिकामं मांडतात. बाकी घरांत ते कुणाचंच नसतं, कुचेरांकडे ते अल्फोन्सचं असायचं. मरेपर्यंत तिनं त्याचं नाव कुठल्याही दगडावर कोरू दिलं नाही. हिल्डानं आपल्या या ओमाला, म्हणजे आजीला, तिच्या म्हातारपणी पाहिलं होतं. फाटक वाजलं की ओमा मान वळवायची.

ताता गेले ते सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात. जायच्या आधी हिल्डाला म्हणाले, "एका दगडावर आम्ही दोघं. आई रागावेल, पण वर गेल्यावर मी तिला समजावतो."

"बरं," हिल्डा म्हणाली. तिनं शब्द दिला.

वसंतात दगड तयार होत आला तेव्हा माजी सैनिकांच्या मंडळाचे कॅप्टन तार्नाव्स्की ग्लिवित्सेहून आले. तातांना पुरलं त्या दिवशी ते न्यूमोनियानं अंथरुणावर होते, त्यामुळे मंडळाचा झेंडा आला नव्हता. तो झेंडा आपल्या थडग्यापुढे वाकावा एवढी एकच हौस तातांनी बाळगली होती. कॅप्टन ऐंशीचे, मूळचे श्लाँस्कचे नव्हेत, दूर पूर्वेकडच्या ल्वूव शहरातले. सैबेरियातून, इराणातून चालत येऊन इटलीतल्या मोंते कासिनोच्या डोंगरावर जर्मनांशी लढलेले. पाठ अजून ताठ, आणि स्वभाव पाठीपेक्षा ताठ.

हिल्डानं खसखशीचा केक कापला, तिच्या नवऱ्यानं, आखिमनं, कॉफी ओतली.

"झेंडा आणतो," कॅप्टन म्हणाले. "झेंड्याबरोबर दोन माणसं, आणि मी. रुफिनला शोभेल असं करू."

"दगडावर काकांचंही नाव आहे," हिल्डा म्हणाली.

"कुठल्या पलटणीतले?"

"जर्मन."

कॅप्टननी उचललेला केकचा तुकडा परत बशीत ठेवला. "हिल्डाबाई, माझ्या शेजारची पोरं त्या डोंगरावर जर्मन गोळ्यांनी गेली. त्या गणवेशापुढे हा झेंडा वाकणार नाही."

"गणवेश कुठं कोरलाय? नाव कोरतोय आम्ही."

"तुम्हा हानिस लोकांच्या घरोघरी असा एक काका निघतो."

"आणि तुम्हा गोरोल लोकांना त्यातला एकही कळत नाही!"

आखिमला ठसका लागला. श्लाँस्कचे लोक बाहेरून आलेल्याला गोरोल म्हणतात, बाहेरचे त्यांना हानिस. दोन्ही शब्द लग्नात हसत चालतात आणि भांडणात दात खाऊन.

"आखिम, तू मधे पडू नकोस," हिल्डा म्हणाली.

"मी कुठं काय बोललो?"

तिनं कॅप्टनना सगळं सांगितलं. नदी, टोपी, काठावरचे अल्फोन्स. टोपीपाशी म्हातारा मोठ्यानं हसला. "उघड्या डोक्यानं? मी असतो तर आधी कानफटात दिली असती, मग टोपी!" अल्फोन्सपाशी मात्र तो खिडकीबाहेर बघू लागला.

"इतकी वर्षं रुफिन मंडळात येत होता. या भावाचं नाव कधी काढलं नाही त्यानं."

"कसं काढतील?" हिल्डा म्हणाली. "तुम्ही केक खाली ठेवला असता."

कॅप्टन उठले. दारापाशी म्हणाले, "झेंडा रुफिनसाठी येईल. दगडावर दुसरं नाव असलं तर तो गवसणीतून निघणार नाही. काय ते तुम्ही ठरवा."

ते गेल्यावर आखिमनं तोंड उघडलं. "एक काम करू. आधी झेंडा वाकू दे. काकांचं नाव मागाहून कोरू. कोण बघायला येतंय?"

आखिमचं डोकं कधीमधी चालतं आणि तेव्हाच घात करतं. दोनेक दिवस हिल्डाला ते पटलंसुद्धा. ताता खूश, कॅप्टन खूश, शब्दही पाळला. मग एका दुपारी बटाटे सोलता सोलता तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि स्वतःचीच लाज वाटली. अल्फोन्सकाका एकदा मागं थांबले होते, धाकट्याला पुढं जाऊ देण्यासाठी. आता आपण त्यांना परत तेच सांगायचं? काका, तुम्ही थोडं थांबा, आधी रुफिनला जाऊ दे? तिनं हात पुसले, दगडवाल्याला फोन केला आणि म्हणाली, "दोन्ही नावं. आणि थोरल्याचं वर."

मे महिन्यातल्या त्या रविवारी झाडून सगळं गाव दफनभूमीत आलं. खाणीचा बँड तुरेवाल्या टोप्या घालून उभा राहिला. दगडावरची चादर काढली तेव्हा लोकांनी वाचलं: अल्फोन्स कुचेरा, रुफिन कुचेरा. शेजारीच ओमाचा जुना, काळा पडलेला दगड. पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं, बँड वाजला, वाजून थांबला.

कॅप्टन शब्दाला जागले होते. ते फाटकाशी उभे होते, डोक्यावर गरुडाची टोपी, मागं दोन म्हातारे, आणि त्यांच्यामधे गवसणीतला झेंडा. सगळं गाव त्यांच्याकडे बघत होतं आणि ते आपल्या बुटांकडे. कुणी हलेना. बायका कुजबुजू लागल्या.

हिल्डाचा संताप मस्तकात गेला. झेंडा नाही ना? नसू दे. ती दोन पावलं पुढं झाली. वाऱ्यानं तिचा रुमाल केव्हाच मानेवर घसरला होता. तिनं पाय जुळवले, आणि ताता पंगतीत करायचे तशी दोन बोटं जोडून उघड्या कपाळाला लावली.

कुणीतरी खुदकन हसलं. तिनं हात काढला नाही.

"खाली घ्या तो हात!"

आवाज फाटकाकडून आला. कॅप्टन काठी टेकत थडग्यांमधून येत होते, तोंड रागानं लाल. "उघड्या डोक्यानं सलाम? कुणी शिकवलं तुम्हाला?"

"तातांनी," हिल्डा म्हणाली. तिची बोटं कपाळालाच होती. "आणि त्यांना अल्फोन्सकाकांनी धाडलं म्हणून करता आला."

कॅप्टन तिच्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग दगडाकडे. वरचं नाव बराच वेळ वाचलं. मग त्यांनी आपल्या डोक्यावरची टोपी काढली आणि तिच्या पिकल्या केसांवर दाबून बसवली.

"आता करा," ते म्हणाले.

हिल्डानं हात खाली घेऊन पुन्हा सलाम केला. टोपी मोठी होती, भुवयांवर उतरली होती, पण गरुड सरळ होता.

"कॅप्टनसाहेब, झेंड्याचं काय?" फाटकातून एक म्हातारा ओरडला.

"काढा गवसणी!"

"पण इथं नावं दोन आहेत..."

"दगड एकच आहे ना? वाकवा!"

झेंडा उघडला, पुढं आला, आणि वाकला. त्याची झालर गवताला टेकली. कॅप्टनना आता सलाम करता येईना, त्यांचं डोकं उघडं होतं. ते हात बाजूला घेऊन नुसते ताठ उभे राहिले आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत राहिलं. पुसायला त्यांनी हात हलवला नाही. बँडवाल्यांनी कुणी न सांगता पुन्हा सुरुवात केली.

हिल्डाची बोटं टोपीलाच होती. तिनं फक्त मान वळवली, शेजारच्या काळ्या दगडाकडे.

"ओमा," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "दुसरा आला गं."